पहारेकऱ्याची साक्ष

पहारेकरी रात्री जागतो तो इतरांना स्वस्थ झोपता यावे म्हणून. परंतु ज्यांनी झोपावयाचे त्यांना तो खरोखर जागा आहे की नाही, हे कळावे कसे? झोपलेल्याने जागणाऱ्यावर लक्ष ठेवावे ही गोष्ट मुळातच अशक्य. पहाऱ्याच्या व्यवस्थेतील हे कोडे फार जुने आहे, आणि ते सोडविण्यासाठी निरनिराळ्या काळी जे उपाय योजिले गेले त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्या इतिहासाचे आजचे टोक म्हणजे मोठाले कारखाने, रुग्णालये, गोदामे आणि वसाहती यांच्या आवारात दिसणारा नियंत्रण कक्ष. तेथे एका पडद्यावर साऱ्या आवाराचा नकाशा मांडलेला असतो. रखवालदार नेमून दिलेल्या ठिकाणी वेळेवर पोहोचला की तेथे हिरवी खूण उमटते. न पोहोचल्यास तांबडी. या पडद्याला ‘डॅशबोर्ड’ असे नाव आहे. मूळ हा शब्द घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानाच्या पुढे जी फळी बसवीत, तिचे ते नाव. मोटारी आल्या तेव्हा वेग आणि इंधन दाखविणाऱ्या तबकड्या त्याच जागी बसल्या; आणि पुढे संगणकाच्या पडद्यानेही तेच नाव उचलले. नावाप्रमाणेच या पडद्यामागील कल्पनाही दिसते तितकी नवीन नाही.

मराठीतील ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या शब्दापासून आला. आपल्याकडे रात्रीचे चार प्रहर मानीत. प्राचीन रोमन सैन्यातही रात्रीचे चारच भाग केलेले असत आणि प्रत्येक भागासाठी निराळा पहारा नेमलेला असे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात या पहाऱ्याची तपासणी कशी होत असे याची बारकाईने हकीकत दिली आहे. संध्याकाळी प्रत्येक चौकीच्या पहारेकऱ्याला लाकडाची एक लहानशी पाटी देण्यात येई. तिच्यावर त्या चौकीची खूण असे. रात्री घोडदळातील चार स्वार, एकेका प्रहरास एक याप्रमाणे, सर्व चौक्यांवरून फेरी घालीत. पहारेकरी जागा आढळला तर स्वार त्याच्याकडून ती पाटी घेई. तो झोपलेला आढळला किंवा जागेवर नसला, तर पाटी न घेताच स्वार पुढे जाई. पहाटे सर्व स्वारांनी गोळा केलेल्या पाट्या अधिकाऱ्यापुढे ठेवावयाच्या. चौक्यांच्या संख्येइतक्या पाट्या भरल्या तर काम संपले. एखादी कमी पडली, तर उरलेल्या पाट्यांवरील खुणांवरून कोणत्या चौकीची पाटी आली नाही हे तत्काळ उमगे. आजच्या पडद्यावरील तांबड्या खुणेचे काम त्या काळी न आलेली पाटी करीत असे.

परंतु या पद्धतीतील खरे शहाणपण याच्या पुढच्या भागात आहे. स्वार फेरीवर निघताना आपल्याबरोबर काही सोबती साक्षीदार म्हणून घेऊन जाई. चौकी निजलेली दिसली की तो त्यांना ती दाखवून ठेवी. पाटी कमी पडल्यास त्या चौकीची माणसे बोलाविली जात आणि त्यांना स्वारासमोर उभे करण्यात येई. दोष पहारेकऱ्याचा असेल तर स्वाराने आपले साक्षीदार पुढे आणून तो सिद्ध करावयाचा. साक्षीदार आणता आले नाहीत तर दोष स्वाराच्या माथी येई. झोपलेल्या पहारेकऱ्याला दिली जाणारी शिक्षा अतिशय क्रूर होती. साऱ्या छावणीने त्याला काठ्यांनी व दगडांनी मारावयाचे, आणि त्यात बहुधा त्याचा प्राण जाई. परंतु इतकी कठोर शिक्षा देणाऱ्या त्या व्यवस्थेनेही केवळ पाटी आली नाही एवढ्यावरून कोणाला दोषी ठरविले नाही. न आलेली पाटी हा संशयाचा आरंभ होता. निकाल समोरासमोरच्या चौकशीनंतर लागत असे.

मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेत याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या गडांचा बंदोबस्त वर्णिला आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी सारख्याच मानाचे नेमलेले असत आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. एकाच्या मनात फितुरी आली तरी उरलेल्या दोघांच्या संमतीवाचून गड शत्रूच्या हाती जाऊ नये, असा त्यामागील हेतू. थोर गडांवर घेरा मोठा म्हणून तटाच्या रखवालीसाठी तटसरनोबतही नेमीत. येथे पाट्या नाहीत की खुणा नाहीत. माणसावर माणसाचीच नजर आहे. परंतु एकट्या मनुष्याच्या इमानावर साऱ्या गडाचा भार टाकावयाचा नाही, हे सूत्र रोमन छावणीत होते तेच येथेही दिसते.

तथापि पहारा ठरल्याप्रमाणे होत असला म्हणजे गड सुरक्षित राहतो असे मात्र नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा १७८० सालचा प्रसंग या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. त्या वेळी मराठे आणि इंग्रज यांच्यात पहिले युद्ध चालू होते आणि किल्ला महादजी शिंदे यांच्या ताब्यात होता. उभ्या कड्यांमुळे तो अजिंक्य समजला जाई. कॅप्टन पॉफम याच्या हाताखालील इंग्रजी फौजेने ३ ऑगस्टच्या रात्री गुप्तपणे किल्ल्याकडे कूच केले. किल्ल्याच्या वाटा ठाऊक असलेले लोक त्यांनी बरोबर घेतले होते. शिपायांचे पाय खडकावरून घसरू नयेत म्हणून त्यांना कापूस भरलेले लोकरी जोडे दिले होते.

ही तुकडी कड्यापाशी आली तेव्हा वर तटावरून गस्तीचे दिवे जाताना दिसले, असे समकालीन इंग्रजी वृत्तान्तात नमूद आहे. पहारेकऱ्यांचे खोकणेही ऐकू आले; आपण जागे आहोत, सर्व ठीक आहे, हे कळविण्याची ती रूढ खूण होती. म्हणजे गस्त चुकली नव्हती आणि पहारा गैरहजर नव्हता. परंतु नेमकी ती वक्तशीर गस्तच शत्रूच्या उपयोगी पडली. एक फेरी गेली म्हणजे दुसरी येईपर्यंत किती अवकाश आहे, हे खाली दबा धरून बसलेल्यांना समजले. दिवे दूर गेल्याबरोबर लाकडी शिड्या कड्याला लागल्या. प्रथम वर चढून गेलेल्या माणसाने परत येऊन सांगितले की, फेरी आटोपून पहारेकरी निजावयास गेले आहेत. मग दोरांच्या शिड्यांवरून शिपाई तटात उतरले आणि ४ ऑगस्टच्या सकाळी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. महादजींनी पुढे काही वर्षांतच तो परत जिंकून घेतला. परंतु त्या रात्री कोणी नोंदवही ठेवली असती, तर तीत एकही फेरी चुकलेली आढळली नसती.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. ठरावीक वेळी ठरावीक वाटेने होणारी गस्त जशी मालकाला माहीत असते तशीच ती चोरालाही माहीत होते. आणि फेरी पुरी झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे पहारेकऱ्याला वाटू लागले की पहारा संपतो. पुढे आलेल्या यंत्रांनी पहिल्या दोषावर काही उपाय शोधला. दुसऱ्यावर मात्र यंत्राची मात्रा आजवर पुरती चाललेली नाही.

यंत्रांची ही कथा ग्वाल्हेरच्या प्रसंगाआधी सुमारे तीस वर्षे इंग्लंडात सुरू झाली होती. डर्बी या गावी जॉन व्हाइटहर्स्ट नावाचा घड्याळजी होता. तो नुसता कारागीर नव्हता. भूगर्भशास्त्राचाही तो अभ्यासक होता आणि पुढे रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १७५० च्या सुमारास त्याने रखवालदारांसाठी एक विशेष घड्याळ बनविले. त्याच्या फिरत्या तबकडीच्या कडेने खुंट्या बसविलेल्या असत. रखवालदाराने ठरलेल्या वेळी येऊन दांडी ओढली की त्या क्षणी समोर आलेली खुंटी आत ढकलली जाई. वेळ टळली की ती खुंटी पुढे सरके आणि मग काही केल्या आत जात नसे. सकाळी ज्या खुंट्या वर राहिलेल्या दिसत, त्या त्या वेळी रखवालदार जागेवर नव्हता असे समजावयाचे. इंग्रजीत या घड्याळाला जे नाव पडले त्याचा अर्थ ‘चहाडखोर’ असा होतो, आणि रखवालदारांना त्या यंत्राविषयी काय वाटत असावे हे त्या एका शब्दावरून समजते.

असे घड्याळ त्या काळी निघाले हा निव्वळ योगायोग नव्हे. पूर्वी कारागिराचे घर तेच त्याचे दुकान असे आणि मालाशेजारीच मालक झोपे. कारखाने उभे राहिले तेव्हा मालक एका ठिकाणी आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती झाली. कापूस, लाकूड आणि तेल यांनी भरलेल्या इमारतींत चोरीपेक्षाही आगीचे भय मोठे. वेळीच लक्षात आलेली ठिणगी बादलीभर पाण्याने विझते. तासाभराने तीच गिरणी भस्मसात करते. पुढे आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्याही रखवालदाराच्या फेऱ्यांचा पुरावा पाहू लागल्या. मालकाला जशी मनःशांती हवी होती तसा विमा कंपनीला कागद हवा होता, आणि पहाऱ्याची नोंद ठेवण्याच्या प्रथेला त्यामुळे फार मोठे बळ मिळाले.

संगणकाचा आद्य कल्पक म्हणून ज्याची कीर्ती आहे, त्या चार्ल्स बॅबेज याने १८३२ साली यंत्रे व कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या चहाडखोर घड्याळाचे वर्णन केले आहे. माणसाचा निष्काळजीपणा, आळस आणि लबाडी यांना आळा घालणे हा यंत्रांचा एक मोठा लाभ आहे, असे त्याचे प्रतिपादन. घड्याळ रखवालदाराला जाता येणार नाही अशा खोलीत ठेवावे आणि त्याने दर तासाला आपल्या फेरीच्या वाटेवरील एक दोरी ओढावी, अशी ती व्यवस्था होती. ज्याने गणकयंत्राचे स्वप्न पाहिले त्याच्याच ग्रंथात पहाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचाही गौरव आढळावा, हे आजचा पडदा पाहता अर्थपूर्ण वाटते.

या घड्याळात एक उणीव होती. दोरी एकाच जागी. म्हणून रखवालदार त्या वेळी जागा होता एवढेच सिद्ध होई. तो साऱ्या आवारात फिरला की नाही हे कळत नसे. प्रत्येक कोपऱ्यात एकेक महागडे घड्याळ बसविणे परवडण्यासारखे नव्हते. ही अडचण जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातील श्वेनिंगेन या गावच्या योहानेस ब्यूर्क याने १८५५ साली सोडविली. त्याने व्यवस्था नेमकी उलटी केली: घड्याळ रखवालदाराच्या खांद्याला अडकविले आणि जागोजागी ठेवल्या त्या केवळ किल्ल्या. प्रत्येक किल्ली आपल्या ठिकाणी साखळीने जखडलेली असे आणि तिच्यावर निरनिराळी खूण असे. रखवालदाराने तेथे जाऊन ती किल्ली घड्याळात फिरविली की आतील कागदी पट्टीवर त्या खुणेचा ठसा उमटे. घड्याळ बंद पेटीत असे आणि पेटीची किल्ली मालकाकडे. सकाळी पेटी उघडून पट्टी काढली की रात्रीचा सारा प्रवास वेळेसकट वाचता येई. कोठे आणि केव्हा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रथमच एका कागदावर आली. ही रचना इतकी सुटसुटीत होती की या जातीची घड्याळे दीडशेहून अधिक वर्षे वापरात राहिली. अमेरिकेतील डीटेक्स कंपनीने तर त्यांचे उत्पादन २०११ सालच्या अखेरीस थांबविले.

जेथे कुलूप आले तेथे ते उघडण्याची युक्तीही येतेच. साखळीतून किल्ल्या सोडवून घ्याव्यात, किंवा त्यांच्या नकला करवून घ्याव्यात, आणि शेकोटीपाशी बसल्या बसल्या साऱ्या फेऱ्या ‘पुऱ्या’ कराव्यात, असे प्रकार होऊ लागले. त्यावर तोड म्हणून पेटी उघडल्याचीही खूण पट्टीवर उमटेल अशी घड्याळे निघाली. आज ठिकठिकाणी चिकटविलेल्या चौकटी खुणांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खुर्चीवर बसून तेच फोनपुढे धरावे, ही त्याच जुन्या युक्तीची नवी आवृत्ती होय. मात्र तिचा दोष केवळ रखवालदाराच्या स्वभावाला चिकटविणे न्याय्य ठरणार नाही. ज्या माणसाकडून कामाऐवजी कामाची खूण मागितली जाते, तो हळूहळू काम सोडून खूणच देऊ लागतो. हा नियम कचेऱ्यांत, शाळांत आणि सरकारी दप्तरांतही आढळून येतो.

ब्यूर्कच्या घड्याळातही एक मोठी मर्यादा उरली होती. त्यातील हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळी कळे. रात्री दोन वाजता रखवालदाराची फेरी चुकली हे सकाळी सात वाजता समजून काय उपयोग? तोवर चोर निघून गेलेला आणि आग विझून राख झालेली. ही अडचण तारयंत्राने दूर केली. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शहरांत विभागवार तारसेवा पुरविणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि १८७४ साली त्यांपैकी कित्येक एकत्र येऊन ‘अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ’ ही संस्था उभी राहिली. अशा सेवांतून पुढे रखवालदारांच्या देखरेखीची पद्धत निघाली. इमारतीत ठिकठिकाणी तारेने जोडलेल्या पेट्या बसवावयाच्या. रखवालदाराने तेथे जाऊन कळ फिरविली की दूरच्या मध्यवर्ती कचेरीत संकेत पोहोचे. अपेक्षित वेळी संकेत आला नाही तर कचेरीतून तत्काळ माणूस धाडण्यात येई. आजचा नियंत्रण कक्ष जन्मास आला तो येथे. पडदा नव्हता, नकाशा नव्हता. परंतु एका ठिकाणी बसून अनेक ठिकाणचा पहारा त्याच क्षणी जाणून घेण्याची सोय झाली होती.

या बदलामुळे नोंदीचा अर्थही पालटला. घड्याळाच्या पट्टीवरील कोरी जागा ‘हा झोपला’ असे सांगत असे. तारेवरून न आलेला संकेत ‘हा झोपला असेल’ असे सांगे, परंतु त्याबरोबरच ‘याच्यावर काही संकट आले असेल’ असेही सांगे. एकट्याने अंधारात फिरणारा रखवालदार जिन्यावरून पडू शकतो. त्याला भोवळ येऊ शकते. त्याच्यावर हल्ला होऊ शकतो. त्याची चौकशी करावयास जो धावत येतो, तो त्याच्यावर नजर ठेवणारा असतो तसाच त्याचा पाठीराखाही असतो. एकाच यंत्राची ही दोन रूपे आहेत, आणि त्यांपैकी कोणते रूप प्रबळ व्हावे हे यंत्र ठरवीत नाही. ते ठरवितो कचेरीत बसलेला मनुष्य.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत किल्लीची जागा धातूच्या लहान टिकल्यांनी घेतली. प्रत्येक टिकलीत एक निराळा क्रमांक साठविलेला असतो आणि रखवालदाराच्या हातातील कांडी तिला टेकविली की क्रमांक व वेळ नोंदली जाते. पुढे स्पर्शावाचूनच वाचता येणाऱ्या खुणा आल्या. उपग्रहांच्या साह्याने स्थान सांगणारी अमेरिकेची जी. पी. एस. यंत्रणा १९९५ साली पूर्ण झाली. नागरी वापरासाठीचा तिचा संकेत मुद्दाम सदोष ठेवण्याची प्रथा मे २००० मध्ये बंद झाली, आणि मनुष्य कोठे उभा आहे हे काही मीटरांच्या अंतराने सांगता येऊ लागले. मग फोन हीच रखवालदाराची किल्ली झाली, घड्याळ झाले आणि तारही झाली. ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडले, फेरीला उशीर झाला किंवा बराच वेळ हालचालच झाली नाही, तर नियंत्रण कक्षात सूचना वाजते. संकटात सापडलेल्या रखवालदाराला एक कळ दाबून मदतही मागता येते. फेऱ्यांचा क्रम व वेळ रोज बदलून देण्याची सोयही अशा व्यवस्थांत असते. ग्वाल्हेरच्या तटाखाली दबा धरून बसलेल्यांना जी वक्तशीर गस्त उपयोगी पडली, तिच्यावरचा हा उपाय होय.

दुसरा दोष मात्र यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी वॉशिंग्टन शहरातील १९७२ सालच्या एका रात्रीकडे वळावयास हवे. तेथील वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा रखवालदार रात्रपाळीवर होता. १७ जूनच्या मध्यरात्रीनंतर फेरी घालीत असताना एका दरवाज्याच्या कुलपाची जीभ चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेली त्याला दिसली. कोणा कामगाराने ती सोयीसाठी लावली असेल असे समजून त्याने ती काढून टाकली. काही वेळाने तो पुन्हा तेथे आला, तेव्हा त्याच जागी नवीन पट्टी लावलेली आढळली. आता हा सहज प्रकार नव्हे हे त्याने ओळखले, पोलिसांना कळविले आणि १ वाजून ४७ मिनिटे ही वेळ घालून आपल्या नोंदवहीत तशी नोंद केली. पोलीस आले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेल्या पाच जणांना त्यांनी पकडले. त्या एका पट्टीचा धागा पुढे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यापर्यंत पोहोचला आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

विल्सच्या नोंदवहीचे ते पान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन करून ठेवले आहे. त्याचे महत्त्व कशात आहे हे नीट पाहावयास हवे. त्या रात्री पडद्यावर हिरव्या खुणा उमटत असत्या, तर पहिल्या फेरीलाही तो दरवाजा हिरवाच दिसला असता. रखवालदार दारापाशी गेला होता. वेळेवर गेला होता. परंतु इतिहास घडला तो त्याच्या तेथे जाण्याने नव्हे. एकदा काढलेली पट्टी पुन्हा लागली आहे हे त्याने पाहिले आणि दोन्हींचा मेळ घातला, त्याने घडला. किल्ली, टिकली आणि उपग्रह ही सारी साधने पायांची साक्ष देतात. डोळ्यांची साक्ष तो मनुष्यच देऊ शकतो, आणि ती देण्यासाठी त्याला स्वतःचे शब्द लिहावयास जागा लागते. दुर्दैवाने त्या जागृत माणसाचे पुढील आयुष्य हलाखीत गेले. त्याला टिकाऊ नोकरी लाभली नाही आणि २००० साली तो निवर्तला. त्याने राखलेल्या इमारतीचे नाव जगभर झाले. त्याच्या स्वतःच्या योगक्षेमाची राखण कोणी केली नाही.

भारतात हा प्रश्न आज लाखो कुटुंबांच्या पोटापाण्याशी निगडित आहे. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला आणि त्यान्वये सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. २००५ साली खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याला अनुसरून २००६ साली निघालेल्या नमुना नियमांत रक्षकासाठी वर्गातील शंभर तासांचे आणि प्रत्यक्ष कामाचे साठ तासांचे प्रशिक्षण सांगितले होते. आग विझविणे, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे अशा विषयांचा त्यात समावेश होता. हे सारे शिक्षण नजरेचे आणि विवेकाचे आहे. परंतु त्याच रक्षकाचे काम मोजताना केवळ तो किती ठिकाणी पोहोचला एवढेच मोजले, तर शिकविले एक आणि तपासले दुसरेच, असे होते.

तांबडी खूण अनेक कारणांनी उमटू शकते. तळघरात फोनला संकेत मिळत नाही. खूण लावलेली टिकली गळून पडते. मधला दरवाजा कोणी कुलूप लावून बंद केलेला असतो. फोनची विद्युत्शक्ती पहाटे संपते. कधी रखवालदार एखाद्या आजाऱ्याला वाहनात बसवून देण्यासाठी थांबलेला असतो. म्हणजे फेरी चुकते आणि कर्तव्य मात्र पुरे होते. पडद्याला हे सारे सारखेच दिसते. महिनाअखेर त्या तांबड्या खुणा मोजून कोणी पगारातून पैसे कापू लागला, तर रोमन अधिकाऱ्याने जे केले नसते ते त्याने केले असे म्हणावे लागेल. बारा तासांची पाळी करून उभ्या असलेल्या माणसाजवळ आपल्या बाजूने बोलावयास दुसरा साक्षीदार नसतो. अशा वेळी यंत्राची नोंद हीच एकमेव साक्ष ठरते, आणि ती नेमकी त्याच्या विरुद्ध उभी असते.

याचा अर्थ ही साधने टाकून द्यावीत असा नाही. प्रामाणिक रखवालदाराला त्यांचा मोठा आधार आहे. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर येतो. त्या वेळी तो कोठे होता हे निःसंदिग्ध दाखवून देणारी नोंद त्याचे रक्षण करते. अंधारात पडलेल्या माणसाकडे मदत धाडण्याचे कामही हाच पडदा करतो. प्रश्न आहे तो नोंद कशी वाचावयाची याचा. तांबडी खूण दिसली की प्रथम फोन करून माणसाची खुशाली विचारावी. कारण सांगण्याची त्याला संधी असावी आणि ते कारण नोंदीतच लिहिले जावे. फेरीत त्याला जे वेगळे दिसले ते टिपून ठेवण्यास जागा असावी आणि त्याने टिपलेले कोणीतरी रोज वाचावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. नियंत्रण कक्षातील माणसाला तसा अधिकार आणि तेवढी सवड दिली म्हणजे पुरे.

दोन हजार वर्षांपूर्वी, पहाटेच्या वेळी, पाट्या मोजणाऱ्या अधिकाऱ्याजवळ ना घड्याळ होते ना तार. पाटी कमी पडलेली दिसली तेव्हा त्याने पहारेकऱ्याला बोलावून घेतले, स्वारालाही बोलावून घेतले, आणि दोघांचेही म्हणणे ऐकले. आजच्या पडद्यापुढे बसणाऱ्याजवळ त्याच्याहून कितीतरी अधिक माहिती असते. माहिती अधिक असली तरी ऐकून घेण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही.